छापा पडला, पुढे काय?

आज आपण अंमली पदार्थ आणि पोलिसांचे छापे या विषयावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा मुंबईचा विषय, पेपरातला विषय, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध दोन बाजूंनी आहे.

पहिली बाजू अशी. आपल्या वाडीवाडीतलं कोणी ना कोणी मुंबईत आहे. आजोबा गिरणीत होते, लालबाग-परळच्या गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहत होते. आता नातू तिथेच किंवा काळाचौकी, शिवडी, दादर, गिरगावला राहतो. कुणी पार्सल पोचवतं, कुणी हॉटेलात आहे, कुणी दुकानात. त्याला पोलिसांनी उचललं की रात्री अकरा वाजता फोन येतो तो गावातल्या आईलाच.

दुसरी बाजू अशी की छापा मागणाऱ्या बायका आपणच आहोत. गावात हातभट्टी सुरू झाली की ग्रामसंघाचं निवेदन घेऊन पोलीस ठाण्यात कोण जातं? आपण. पाटीवर फुली मारून आडव्या बाटलीला मत कोणी दिलं? आपणच. त्यामुळे छापा म्हणजे काय, त्याने काय साधतं आणि काय बिघडतं, हे आपल्यालाच नीट कळायला हवं.

छापे टाकूच नयेत, असं मी म्हणणार नाही. पण छापा कुणावर पडतो, कसा पडतो आणि त्यानंतर काय होतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत, एवढंच माझं सांगणं आहे.

कायदा वजनावर चालतो

अंमली पदार्थांचा मुख्य कायदा १९८५ सालचा आहे. त्याला एनडीपीएस कायदा म्हणतात. सापडलेला माल किती वजनाचा, यावर या कायद्यात शिक्षा ठरते. तीन पायऱ्या आहेत: अल्प, मधली आणि व्यापारी.

गांजा एक किलोपर्यंत असेल तर अल्प, २० किलोच्या वर गेला तर व्यापारी. चरस १०० ग्रॅमपर्यंत अल्प, एक किलोच्या वर व्यापारी. हेरॉईन, म्हणजे आपण ज्याला गर्द म्हणतो ते, पाच ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यापारी. आणि हल्ली ज्याचं नाव सारखं कानावर येतं ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन, दोन ग्रॅमपर्यंत अल्प आणि ५० ग्रॅमच्या वर व्यापारी.

अल्प माल असेल तर जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दंड. व्यापारी असेल तर कमीत कमी दहा वर्षं. आणि व्यापारी मालाच्या गुन्ह्यात जामीन मिळणं फार कठीण. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची आधी खात्री पटावी लागते. म्हणजे खटला उभा राहायच्या आधीच निर्दोष असल्याचं पटवून द्यायचं.

आणखी एक गोष्ट. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वजन धरताना भेसळीसकट पूर्ण वजन धरायचं. पुडीत गर्द थोडा आणि बाकी दुसरीच पावडर असली तरी सगळी पुडी तराजूवर जाते. म्हणून पोलिसांच्या हातात वजन, पुडी आणि पंचनामा या तीन गोष्टी आल्या की एखाद्याच्या आयुष्याची दहा वर्षं त्यांच्या हातात असतात. एवढी मोठी ताकद दिली, म्हणूनच कायद्याने त्यांच्यावर नियमही कडक घातले आहेत. ते नियम पुढे सांगते. आधी जाळ्यात कोण सापडतं ते पाहू.

जाळ्यात कोण?

'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी' नावाची एक अभ्यास संस्था आहे. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांत २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत निकाली निघालेली या कायद्याची प्रकरणं तिने तपासली. ती दहा हजारांहून जास्त होती. त्यातली जवळजवळ सगळी प्रकरणं स्वतः नशा केल्याची होती, विकल्याची नव्हती. बहुतेकांत पदार्थ गांजा होता. पकडलेले लोक मोठ्या संख्येने हातावर पोट असणारे, झोपडपट्टीत नाहीतर रस्त्यावर राहणारे होते.

मोठे खटले सत्र न्यायालयात चालतात, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांकडे छोटी प्रकरणं जास्त असणार, हे खरं आहे. तरीही दहा हजार हा आकडा लहान नाही. प्रत्येक प्रकरणामागे दोन-तीन पोलिसांचा दिवस जातो. पकडा, पंचनामा करा, वैद्यकीय तपासणीला न्या, नमुना कलिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवा, कोर्टात उभे राहा. तेवढा वेळ विकणाऱ्याच्या आणि बनवणाऱ्याच्या मागावर कोणी नसतं.

हे असं का होतं? कारण काम आकड्यात मोजलं जातं. या महिन्यात किती गुन्हे नोंदले, किती अटका केल्या, हे वर कळवायचं असतं. २६ जूनचा अंमली पदार्थ विरोधी दिन आला, थर्टी फर्स्ट आला की विशेष मोहीम निघते. बनवणाऱ्यापर्यंत पोचायला महिने लागतात. पुलाखाली चिलीम ओढणारा पोरगा एका फेरीत सापडतो. आकडा दोघांचा सारखाच, एक.

पोलीस म्हणतात, पिणारा पकडला की त्याच्याकडून विकणाऱ्याचं नाव मिळतं. कधी कधी मिळतंही. पण बहुतेक वेळा प्रकरण विकणाऱ्यापर्यंत जातच नाही. पोरगा कोर्टात उभा राहतो. वकील नसतो, रोजगार बुडत असतो. कोणीतरी सांगतं, 'कबूल करून टाक, दंड भर, संध्याकाळी घरी जाशील.' तो कबूल करतो, दंड भरतो, घरी जातो. नावावर मात्र शिक्षा लागलेली असते. पुढे सरकारी भरती, सुरक्षा रक्षकाची नोकरी, पासपोर्ट, जिथे जिथे चारित्र्य पडताळणी असते तिथे ती पुढे येते. आणि नशा? ती तिथेच राहते, कारण त्या सगळ्या धावपळीत औषधपाण्याचं कोणी विचारलेलंच नसतं.

छापा चुकतो तेव्हा

२ ऑक्टोबर २०२१ ला दक्षिण मुंबईत, बंदरातल्या क्रूझ टर्मिनलवर, केंद्राच्या अंमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, गोव्याला निघालेल्या जहाजावर छापा टाकला. वीस जणांना अटक झाली. त्यात अभिनेते शाहरुख खान यांचा मुलगा आर्यन होता. त्याच्याजवळ काहीही सापडलं नव्हतं. तरी तो जवळजवळ चार आठवडे कोठडीत आणि आर्थर रोड तुरुंगात राहिला. २८ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने जामीन दिला. कट केल्याचा पुरावा दिसत नाही, असं नंतर सविस्तर आदेशात म्हटलं. मग विभागाने स्वतःच विशेष पथक नेमून पुन्हा तपास केला. २७ मे २०२२ ला आरोपपत्र दाखल झालं ते चौदा जणांवर. आर्यनसकट सहा जणांची नावं पुराव्याअभावी त्यात नव्हती. छाप्याचं चित्रीकरण केलं नव्हतं, नशा केली की नाही हे पाहायला वैद्यकीय चाचणी घेतली नव्हती, अशा उणिवा तेव्हा पुढे आल्या.

त्याच वर्षी जानेवारीत राज्यातल्या एका मंत्र्यांच्या जावयाला गांजाच्या मोठ्या प्रकरणात अटक झाली होती. ते आठ महिन्यांहून जास्त काळ आत राहिले. मुंबईच्या विशेष न्यायालयाने जामीन दिला तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल समोर होता: तपासलेल्या १८ नमुन्यांपैकी ११ नमुन्यांत गांजा नव्हताच.

तिसरं उदाहरण ऑगस्ट २०२४ चं, उपनगरातलं, सांताक्रूझजवळच्या कलिन्याचं. पोलिसांनी एका माणसाला धरलं आणि त्याच्याकडे मेफेड्रोन सापडल्याचं सांगितलं. पण तिथे कॅमेरा होता. धरलेल्या माणसाच्या खिशात एक जण हळूच काहीतरी घालतोय, असं त्यात दिसलं. चार पोलीस निलंबित झाले. माणूस सुटला.

मैत्रिणींनो, या तीन प्रकरणांत एका गोष्टीकडे लक्ष द्या. पहिल्या दोघांकडे देशातले मोठे वकील उभे होते. तिसऱ्याच्या नशिबाने कॅमेरा सुरू होता. ज्याच्याकडे वकीलही नाही आणि कॅमेराही नाही, त्याचं काय? त्याची बातमी येत नाही. त्याची आई दादरला गाडीतून उतरते आणि आर्थर रोड तुरुंगाचा रस्ता विचारत विचारत सात रस्त्याकडे चालू लागते.

सगळेच पोलीस असे असतात, असं मुळीच नाही. रात्रंदिवस राबणारे, जीव धोक्यात घालणारे पोलीसही त्याच चाळींतून आलेले असतात. पण माणूस चांगला असेल यावर कायदा विसंबून राहत नाही. म्हणून तर नियम लिहून ठेवतात.

नियम काय आहेत?

आता वही-पेन घ्या. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

पहिला नियम. घराची झडती शिपायाच्या वरच्या दर्जाच्या, अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच घ्यायची. खबर मिळाली असेल तर ती आधी कागदावर उतरवायची. वॉरंट नसताना झडती घ्यायची तर सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत. रात्री घ्यायची असेल तर का घेतोय, हे कारण लिहून ठेवायचं.

दुसरा नियम. अंगझडती घेण्याआधी त्या माणसाला सांगायचं की, 'राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे.' हे सांगणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली आणि पुन्हा २०१० साली स्पष्ट केलं. मात्र हा हक्क अंगझडतीपुरता आहे, पिशवी किंवा खोलीच्या झडतीला तो लागू होत नाही.

तिसरा नियम आपला, बायकांचा. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. याला अपवाद नाही. तसंच सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही. फारच विशेष कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने, दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच करायची.

चौथा नियम. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे आले. त्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. ते मोबाईलवर केलं तरी चालतं. यादी करताना आणि पंच सही करताना तेही चित्रीकरणात यायला हवं, आणि चित्रीकरण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं.

पाचवा नियम. अटक केली की कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं आणि २४ तासांच्या आत कोर्टासमोर उभं करायचं.

सहावा नियम. तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब शिक्षेचा आधार होऊ शकत नाही. पोलिसांसमोरच्या कबुलीबद्दल कायदा जुना आहे. एनसीबीसारख्या विभागांच्या अधिकाऱ्यांनाही तोच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं.

सातवा नियम. पोलीस ठाण्यात आणि अशा विभागांच्या कार्यालयांतही सीसीटीव्ही हवेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला दिला आहे. मारहाण झाली, काही घुसवलं अशी शंका असेल तर ते चित्रीकरण जपून ठेवावं, असा अर्ज वकिलामार्फत लवकर करायचा. फार दिवस गेले की ते पुसलं जातं.

फोन आला तर काय करायचं?

समजा, तुमच्या पुतण्याला लालबागला पकडलं. आधी घाबरून पैसे घेऊन धावू नका. मिटवून देतो म्हणणारा मध्यस्थ दारात उभाच असतो.

फोनवर तीन गोष्टी विचारा: कोणत्या पोलीस ठाण्याने किंवा पथकाने पकडलं, कोणत्या कलमाखाली, आणि माल किती दाखवला. मुंबई पोलिसांचा वेगळा अंमली पदार्थ विरोधी कक्ष आहे, त्याची आझाद मैदान, वरळी अशी युनिटं आहेत. एनसीबी हा केंद्राचा विभाग वेगळा. कोणी पकडलंय हे कळल्याशिवाय कुठे जायचं तेच कळत नाही.

मग १५१०० या नंबरवर फोन करा. ही विधी सेवा प्राधिकरणाची मदतवाहिनी आहे. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्याच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाईलाही तसाच मिळतो. कोर्टात पहिल्यांदा उभं करतील तेव्हाच वकील हवा, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या तारखेपर्यंत थांबू नका.

मुलाला निरोप द्या: कोऱ्या कागदावर सही करू नकोस, वकिलाशी बोलल्याशिवाय गुन्हा कबूल करू नकोस. खोटं बोलायला सांगू नका. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे. आणि पोलिसांच्या अंगावर धावून जाऊ नका, दार अडवू नका. त्याने दुसरा गुन्हा लागतो. शांतपणे नाव विचारा, हुद्दा विचारा, पंचनाम्याची आणि जप्तीच्या यादीची प्रत मागा, शेजारच्या दोघी-तिघींना साक्षीला उभ्या करा.

आणि तो खरंच नशा करत असेल तर?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड. गटातल्या एका मावशी मला म्हणाल्या होत्या, 'ताई, पोलिसांनी त्याला नेलं त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली.' त्यांना मी काय दोष देऊ? घरात व्यसनी माणूस असलेल्या बाईला छापा म्हणजे चार दिवसांची सुटका वाटते. पण चार दिवसांनी तो परत येतो. आता त्याच्याकडे कामही नसतं आणि तोंडावर राग असतो.

मुंबईने हे एकदा भोगलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणगावातल्या घराघरातली चूल विझायची वेळ आली. त्याच दशकात मुंबईत गर्द पसरला. तेव्हाही पकडापकडी झाली. पण ज्यांनी वेगळा विचार केला त्यांचं काम आज टिकून आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदत देऊ केली. त्यातून १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथे व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून घेतात, आणि त्याच्या बायकोला, आईलाही बोलावून बसवतात, कारण आजार एकाचा असला तरी भोगतं सगळं घर.

कायद्यातही हा रस्ता आहे, पण फार कमी लोकांना ठाऊक आहे. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ सांगतं: व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प मालाच्या गुन्ह्यात सापडला आणि तो आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचा. अर्ध्यात सोडला तर सवलत जाते. आणि शिक्षा झाल्यावरसुद्धा कलम ३९ खाली न्यायालय त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. पहिल्याच तारखेला वकिलाला विचारा, '६४-अ चा अर्ज करता येईल का?'

उपचारासाठी १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी आहे. फोन फुकट आहे. मुंबईत परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे. या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयात विचारा.

छापा कुठे हवा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी बनवणारा कारखाना पकडला. मुंबईत छोट्या प्रमाणात माल सापडला होता. पोलीस तिथेच थांबले नाहीत, एकाकडून दुसऱ्याकडे जात थेट कारखान्यापर्यंत पोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत कारखान्यावर छापा टाकला, शेकडो किलो माल धरला. हे छापे मला मान्य आहेत. असे आणखी व्हायला हवेत.

आणि बघा, हे कारखाने कुठे सापडले? आपल्याच गावांच्या शेजारी, एमआयडीसीच्या शेडमध्ये. माल तिथून मुंबईला जातो. पोरं लालबागला पकडली जातात.

हातभट्टीचंही असंच आहे ना? भट्टीवर छापा पडतो, मडकी फुटतात, फोटो निघतो. तिसऱ्या दिवशी भट्टी पुन्हा पेटते, कारण गूळ आणि नवसागर पुरवणारा मोकळाच असतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईत हेच झालं. धाडी पडत राहिल्या, चोरटे अड्डे वाढत राहिले, हप्ते सुरू झाले, आणि शेवटी सरकारलाच बंदी सैल करावी लागली. म्हणून छाप्यांची संख्या वाढली म्हणजे नशा कमी झाली, असं मानू नका.

बदल काय हवेत?

पहिला बदल मोजण्यात हवा. किती अटका केल्या यापेक्षा किती पुरवठादार धरले, किती जणांना उपचाराला पाठवलं, किती खटले कोर्टात टिकले, हे मोजावं. मोजमाप बदललं की कामाची दिशाही बदलते.

दुसरा, चित्रीकरणाचा नियम कागदावर राहू नये. चित्रीकरण नसेल तर का नाही, याचं उत्तर अधिकाऱ्याने कोर्टात द्यावं.

तिसरा, पंच खरे हवेत. त्याच त्या ओळखीच्या माणसाला दर छाप्यात पंच म्हणून उभं केलं, तर पंचनाम्याला अर्थ राहत नाही.

चौथा, प्रयोगशाळेचा अहवाल लवकर यायला हवा. पुडीत गांजा आहे की नाही हे कळायला महिने लागले, तर ते महिने माणूस तुरुंगात काढतो. आर्थर रोड तुरुंगात आधीच क्षमतेच्या कितीतरी पट माणसं आहेत.

पाचवा, खोट्या छाप्याची किंमत वाढवावी. विनाकारण त्रास द्यायला झडती घेतली, तर अधिकाऱ्याला आजही शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! ज्याची नोकरी गेली, ज्याच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्याला भरपाई मिळायला हवी.

सहावा बदल सगळ्यांत मोठा. स्वतःपुरतं थोडं जवळ बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे न्यावं. हे मी मनाने सांगत नाही. २०२१ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच तशी शिफारस केली होती. ती कायद्यात आली नाही. त्या वर्षीची दुरुस्ती कायद्यातली एक शब्दांची चूक सुधारण्यापुरती राहिली. पोर्तुगाल देशाने २००१ साली हे करून पाहिलं. तिथे थोडा माल सापडला तर माणसाला कोर्टाऐवजी एका समितीपुढे बसवतात, त्यात डॉक्टर, समाजसेवक असतात. विकणाऱ्याला मात्र तिथेही तुरुंगच आहे.

आपण काय करायचं?

पुढच्या वेळी ग्रामसंघ पोलिसांना निवेदन देईल तेव्हा त्यात दोन ओळी वाढवा. 'भट्टीवर छापा टाका' याच्या खाली लिहा, 'माल कुठून येतो त्याचा तपास करा आणि काय केलं ते आम्हाला कळवा.' त्याखाली लिहा, 'नशा करणाऱ्यांसाठी आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा व्यसनमुक्तीचं शिबिर घ्या.' एमआयडीसीच्या बंद शेडमधून रात्री-अपरात्री उग्र वास येत असेल, पिंप उतरत असतील, तर तेही लेखी कळवा आणि पोच घ्या.

गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर १५१०० आणि १४४४६ हे दोन नंबर लिहा. मुंबईला राहणाऱ्या मुलांनाही पाठवा. आणि कुणाच्या मुलाला पकडलं असं कळलं, तर कोर्टाचा निकाल यायच्या आधी गावाने निकाल देऊ नये. त्याच्या आईला पुढच्या बैठकीत शेजारी बसवून घ्या. तिला वकिलाची गरज आहेच, पण पहिल्या दिवशी मुंबईला तिच्यासोबत जाणारी एक बाईही हवी असते. ती आपल्या गटातून मिळाली पाहिजे.

काही विचारायचं असेल तर आपल्या गटाच्या सचिव ताईंकडे प्रश्न लिहून द्या. पुढच्या भागात त्यांची उत्तरं घेऊ. नमस्कार.